एका नावाची एकच जागा

धुकं इतकं दाट होतं की काचेपलीकडची विमानं असून नसल्यातच जमा होती. मधेच एखादं शेपूट दिसायचं, त्यावरचा दिवा लुकलुकायचा आणि पुन्हा सगळं पांढरं. रात्रभर थोरलीच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्यामुळे काउंटरवरची बाई काय म्हणतेय ते तिच्यापर्यंत जरा उशिरानेच पोहोचत होतं, पाण्याखालून ऐकू यावं तसं.

बाईने पडद्याकडे पाहून एक नाव घेतलं. नाव, मग आडनाव. मग मान वर करून विचारलं, "यातलं कोण?"

"मी," थोरली म्हणाली.

"मी," तिच्या शेजारी उभी असलेली तिची भाची, चिमणी, म्हणाली.

बाईने दोघींची ओळखपत्रं शेजारी शेजारी ठेवली. एक फोटो साठी ओलांडलेल्या बाईचा, एक पस्तिशीच्या बाईचा. दोघींचं कपाळ एकसारखंच रुंद, फोटोत हसायचं नाही म्हणून दाबून धरलेले ओठही एकसारखेच.

"मायलेकी का?"

"आत्या-भाची," चिमणी म्हणाली.

"आणि नाव एकच?"

"रीत आहे आमच्याकडे," मागून वहिनी म्हणाल्या. वहिनी म्हणजे चिमणीची आई, थोरलीच्या भावाची बायको. त्या आणि त्यांचा मुलगा दोघींना सोडायला म्हणून पास काढून आत आले होते. "घरातल्या प्रत्येक भावंडाच्या पहिल्या मुलीला पणजीचं नाव."

या घराण्यात अक्कल कधी कुणी वाटून घेतली नाही, नाव मात्र पिढ्यान् पिढ्या वाटून घेतलं. थोरलीने लग्न केलं नाही म्हणून तिचं आडनाव माहेरचंच राहिलं. चिमणीने लग्न केलं, मोडलं आणि ती आपल्या आडनावावर परत आली. तिकिटावर काय, नाव आणि आडनाव तेवढंच येतं. कागदावर दोघींची मिळून एकच बाई उरली होती.

"तसंच झालंय," काउंटरवरची बाई म्हणाली. "एकाच विमानात, एकाच नावाच्या आणि एकाच जन्मतारखेच्या दोन जागा घेतल्या होत्या. कॉम्प्युटरला वाटलं, एकाच बाईने चुकून दोनदा तिकीट काढलं. त्याने एक कापलं."

"एकाच जन्मतारखेच्या?" वहिनींनी विचारलं. "माझी मुलगी आणि माझी नणंद एकाच दिवशी कशा जन्मतील?"

मग सगळे खटपट्याकडे वळले.

खटपट्या हा चिमणीचा धाकटा भाऊ. दुसऱ्याचं काम अंगावर घ्यायची त्याला भारी हौस आणि 'मी बघतो ना' हे त्याचं पालुपद. त्याने बघितलं की ते काम पुन्हा दुसऱ्या कुणाला तरी बघावं लागायचं. तिकिटं त्यानेच फोनवरून काढली होती. आधी बहिणीचं काढलं. मग आत्याचं काढायला बसला, नाव लिहायला लागला, तर अर्ध्यातच फोनने पुढचं सगळं आपलं आपण भरून टाकलं.

"मला वाटलं, किती हुशार आहे," तो म्हणाला. "नाव बरोबर होतं, आडनाव बरोबर होतं. मी दाबलं."

"तारीख बघितली नाहीस?"

"आई, मला आत्याची तारीख कुठे माहीत आहे? मला तर आत्याचं नावसुद्धा तुला विचारावं लागलं होतं, तेही तू कागदावर लिहून दिलंस."

हे मात्र खरं होतं. त्या घरात ते नाव ठेवायची रीत होती, पण त्या नावाने हाक मारायची रीत केव्हाच बंद पडली होती. आत्या ती थोरली आणि बहीण ती चिमणी, हे ऐकतच तो मोठा झाला. अशी चूक दुसऱ्या कुठल्या घरात व्हायची नाही.

"आमच्या वेळी बरं होतं," वहिनी काउंटरवरच्या बाईला म्हणाल्या. त्यांनी सारा जन्म टपाल कचेरीत पत्रांचे गठ्ठे लावण्यात घालवला होता. "एका नावाची दोन पत्रं आली म्हणून आम्ही त्यातलं एक फेकून देत नव्हतो."

"काकू, कॉम्प्युटरला नाती कळत नाहीत हो," बाई मऊ आवाजात म्हणाली. तिच्या कोटाची बाही मनगटापाशी उसवली होती. थोरलीचं लक्ष तिथेच जाऊन बसलं. आयुष्यभर रफूचं दुकान चालवलेल्या माणसाला समोरच्याचा चेहरा नंतर दिसतो. "विमान भरलंय. धुक्यामुळे कालचे लोकही आजच निघालेत. संध्याकाळचंही भरलंय. उद्याचं आहे, पण ते दुपारी उतरतं."

"उद्या सकाळी ऑपरेशन आहे," थोरली म्हणाली.

"कुणाचं?"

"माझ्या बहिणीचं. हृदयाचं."

बाईने दोन्ही ओळखपत्रं पुन्हा एकदा पाहिली. "एक करता येईल. नाव तर जुळतंच आहे. जन्मतारीख मला एकदा दुरुस्त करता येते. म्हणजे दोघींपैकी कुणीही जाऊ शकेल, पण एकच. तुम्ही बसून ठरवा. धुकं उठेपर्यंत वेळ आहे. वेळ झाली की मी पुकारा करीन."

ते चौघं खांबाजवळच्या बाकावर येऊन बसले. दालनभर लोक झोपले होते. कुणी बॅगेवर डोकं टेकवून, कुणी शेजारच्या अनोळखी खांद्यावर. लादी पुसायचं यंत्र आपल्याशीच गुणगुणत फिरत होतं. चिमणीला थंडी वाजू लागली तसं थोरलीने आपली पिशवी उघडून हिरवा स्वेटर काढला आणि तिच्या अंगावर टाकला.

हा स्वेटर धाकटीचा. धाकटी म्हणजे थोरलीची पाठची बहीण, उद्या जिचं हृदय उघडायचं होतं ती. घर सोडून गेली त्या दिवशी तो दाराच्या मागे टांगलेलाच राहिला. तेव्हापासून दर हिवाळ्याआधी थोरली तो काढायची, कसरीने खाल्लेली भोकं रफू करायची आणि पुन्हा घडी घालून ठेवायची. आता त्यात धाकटीचा स्वेटर थोडा आणि थोरलीची रफूच जास्त उरली होती. आज तो तिला परत द्यायचा होता.

धाकटी गेली त्याचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. नवऱ्यासह ती माहेरीच राहत असताना तिला मुलगी झाली होती. रीतीप्रमाणे तिने पणजीचं नाव ठेवलं आणि दुसऱ्या कुणी मारली नसेल इतक्या वेळा त्या नावाने हाक मारली. पाळण्यात हाक, न्हाऊ घालताना हाक, पोरगी गाढ झोपलेली असताना उगाच हाक. खरी त्या नावाची थोरली, पण त्या दिवसांत घरात ते नाव ऐकू आलं की तिने मान वर करणंही सोडून दिलं होतं. मग एका तापात पोरगी गेली. वर्ष उलटलं आणि वहिनींना मुलगी झाली. थोरली-धाकटीच्या म्हाताऱ्या आई म्हणाल्या, रीत ती रीत, नाव रिकामं राहता कामा नये. कागदावर तेच नाव चढलं. धाकटीला कुणी विचारलं नाही. ती नवऱ्याबरोबर गेली ती गेलीच. आई गेल्या तेव्हा आली नाही, भाऊ गेला तेव्हाही नाही. तिच्या मागे ते नाव उच्चारायची कुणाची जीभ रेटेना, म्हणून पाळण्यातल्या पोरीची चिमणी झाली.

आणि चार दिवसांमागे तिचा फोन आला. आवाज थकलेला, पण तोच. ऑपरेशनचं सांगून झाल्यावर ती म्हणाली होती, "ताई, येशील? येताना तिला आण."

"वन्सं, तुम्हीच जा," वहिनींनी सुरुवात केली. "तुम्ही तिची सख्खी बहीण. आता तुम्हा भावंडांत तुम्ही दोघीच उरलात. यात ठरवायचं काय आहे?"

"आत्या कधी विमानात बसली नाहीये," खटपट्या म्हणाला. "मधे उतरून दुसरं विमान पकडायचंय. ती हरवली तर? ताईला जाऊ दे. ताई पोरांना खोल पाण्यात पोहायला शिकवते, तिला कशाची भीती नाही."

"मी बावळट नाहीये," थोरली म्हणाली.

"तसं नाही गं, आत्या."

"तू गप्प बस," चिमणी भावाला म्हणाली. "तू आधीच पुष्कळ मदत केली आहेस. आत्या जाईल. मी त्या बाईला आयुष्यात पाहिलेलं नाही. उद्या ऑपरेशन आणि आज मी तिच्यासमोर जाऊन उभी राहू? कोण म्हणून?"

"तेच म्हणते मी," वहिनी लगेच म्हणाल्या. एरवी मायलेकींचं दोन वाक्यांपुरतंही धड पटायचं नाही, पण आज त्या एका बाजूला होत्या. "जखमेवरची खपली काढायची वेळ आहे का ही? तिला बघून तिच्या छातीत काही झालं तर?"

खटपट्याने थोडा वेळ बुटाच्या नाड्यांशी खेळ केला. चूक त्याची होती आणि आपण कुठल्या बाजूला उभं राहिलो तर ती कमी दिसेल याचा तो विचार करत असावा. शेवटी तो म्हणाला, "मग आत्याच जाऊ दे. मी तिला सगळं लिहून देतो. कुठे वळायचं, कुठे बसायचं."

झालं. तिघांचं एकमत झालं आणि ते थोरलीच्या मनासारखं होतं. तिला जायचंच होतं. इतकं जायचं होतं की लाज वाटावी. धाकटीचा हात हातात घ्यायचा, तिच्या केसांत तेल घालायचं, एकही जुनी गोष्ट काढायची नाही. आणि उद्या काही विपरीत झालं, तर निदान शेवटचं तोंड पाहिलं एवढं तरी पदरात पडेल. तिने बाकाला पाठ टेकली. निर्णय झाल्यामुळे असेल, तिचे डोळे मिटले.

झोप म्हणावी अशी ती नव्हती. दालनातले आवाज चालूच होते, फक्त लांब गेले. ती दुकानात बसली होती आणि समोर एक पांढरं कापड होतं, त्याला कुठेच कड नव्हती. फाटलंय कुठे ते सापडत नव्हतं. कुणीतरी म्हणत होतं, येताना तिला आण, येताना तिला आण, आणि ती म्हणत होती, आणते गं, आधी हे एवढं शिवू दे.

डोळे उघडले तेव्हा काचेपाशी धाकटी उभी होती.

पाठमोरी, हिरव्या स्वेटरमध्ये, एक पाय दुमडून दुसऱ्यावर टेकवलेला. पलीकडे सगळं पांढरं आणि त्या पांढऱ्याकडे बघत ती उभी. घर सोडायच्या दिवशी ती खिडकीशी अशीच उभी होती आणि मागून थोरलीने तिला हाक मारली नव्हती. थोरली पापणीही न हलवता बघत राहिली. आपण जागे आहोत की नाही हे तिला ठरवायचं नव्हतं.

मग ती वळली आणि चिमणी झाली. "आत्या, उठलीस? कॉफी आणू?"

थोरलीला हसू आलं आणि लगेच विरलं. आपलं तोंड धाकटीने जन्मल्यापासून पाहिलं आहे. भांडताना, रडताना, तापात, सगळं पाहून झालं आहे तिचं. ताई येशील का, हे तिने विचारायचं म्हणून विचारलं. मागितलं ते पुढचं. पस्तीस वर्षं जे नाव तिने ऐकलं नाही, ते मोठं होऊन कसं दिसतं, ते तिला डोळे मिटायच्या आधी पाहायचं आहे. आणि आपण मात्र रफूचा स्वेटर घेऊन तिच्या पलंगापाशी बसायला निघालो आहोत.

"बस इथे," ती चिमणीला म्हणाली. "तू जायचंस."

"आत्या, ठरलंय आपलं."

"तुमचं ठरलं. मी झोपले होते."

वहिनी ताठ झाल्या. "वन्सं, असं ऐन वेळी नको. तिने विचारलं, तुला हे नाव कुणी दिलं, तर ही काय सांगेल? आजीने दिलं म्हणेल. आणि आई काय करत होती म्हटलं तर?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "मला कुणी विचारलं नव्हतं. पण मी नकोही म्हणाले नव्हते. तिला बघायचं असेल तर मला बघू दे. माझ्या पोरीला कशाला?"

एवढी वर्षं वहिनींच्या तोंडून हे निघालं नव्हतं. खटपट्या आईकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसा पाहत राहिला. थोरलीने वहिनींचा हात आपल्या मांडीवर घेतला. पूर्वी त्या दोघींचं फारसं पटायचं नाही. भाऊ गेल्यापासून मात्र एका घरात दोघी बायका राहिल्या की जे होतं ते झालं होतं, कुणी आधी रुसायचं हेही ठरून गेलं होतं.

"वहिनी, ती भांडायला बोलवत नाहीये. भांडायचं असतं तर तिने मला एकटीला बोलावलं असतं."

वहिनींनी हात काढून घेतला नाही.

"आणि तुला काय वाटतं ते?" चिमणीने विचारलं. "तू भेटायचीस ती राहिलीस, त्याचं काय?"

"मला वाईट वाटतंय," थोरली म्हणाली. "फार वाटतंय. उद्या दुपारपर्यंत माझ्या जिवात जीव नसणार. ते मी बघेन."

एवढ्यात छताजवळच्या स्पीकरमधून पुकारा झाला. कुणा बाईचं नाव होतं. नाव, मग आडनाव, काउंटरवर यावं. आवाज त्या उंच दालनात पसरला, झोपलेल्या लोकांवरून गेला आणि काचांना जाऊन लागला. कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारा झाला. इतकं मोठ्याने ते नाव या चौघांनी मिळून कधी ऐकलं नव्हतं. एवढ्या अनोळखी माणसांसमोर ते कुणीतरी साधेपणाने, अजिबात न कचरता घेत होतं. थोरलीला ते नाव छान वाटलं. आपलं नाव छान आहे, हे तिच्या या वयापर्यंत लक्षातच आलं नव्हतं.

शेवटी काउंटरवरच्या बाईने हात हलवला, तेव्हा दोघी एकदम उभ्या राहिल्या.

"धुकं उठतंय," बाई म्हणाली. "कोण?"

थोरलीने चिमणीच्या पाठीवर हात ठेवून तिला एक पाऊल पुढे केलं. जन्मतारीख बदलावी लागली नाही. बाईने बोर्डिंग पास छापला आणि त्यावरचं नाव बोटाने तपासलं. थोरली तिला म्हणाली, "बाहीची शिवण उसवलीय. अजून धागा ओढू नका, नाहीतर सगळी जाईल." बाईने बाही पाहिली आणि ती दमलेली बाई पहिल्यांदा हसली.

आत जायच्या दारापाशी चिमणी थांबली. स्वेटरच्या बाह्या तिला आखूड होत होत्या. "आत्या, मी तिथे जाऊन बोलू काय?"

"काही बोलू नकोस. तिच्याजवळ बस. तिने हाक मारली की ओ दे."

"मला त्या नावाने ओ द्यायची सवय नाही. बघितलंस ना आत्ता?"

"तिलाही हाक मारायची सवय राहिली नसेल. दोघी शिकाल."

वहिनी पुढे झाल्या. त्यांनी लेकीच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं, मग काढलं, मग पुन्हा लावलं. "तिला म्हणावं," त्या म्हणाल्या आणि काय म्हणावं ते त्यांना सुचेना. "पोचलीस की फोन कर." चिमणीने मान हलवली. ती आत गेली, पट्ट्यावर पिशवी ठेवली, एकदा वळून पाहिलं. मग हिरवा रंग इतर रंगांत मिसळला.

खटपट्या गाडी आणायला गेला. या वेळी तो 'मी बघतो ना' म्हणाला नाही. वहिनी बाकावर बसून नाक पुसत होत्या. थोरली काचेपाशी गेली. पांढरं विरळ होत होतं. आधी एक चाक दिसलं, मग पोट, मग खिडक्यांची ओळ, जणू विमान तिथल्या तिथेच कुणीतरी विणत होतं. तिने फोन काढला आणि बहिणीचा नंबर लावला. घंटा बराच वेळ वाजली.

"ताई? निघालीस का?"

"मी नाही गं. जागा एकच मिळाली. तिकिटाचा घोळ झाला, ते तुला नंतर सांगते, हसशील." थोरलीने काचेवर बोट टेकवलं. काच गार होती. "ती निघालीय."

पलीकडे कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली. नर्स काहीतरी म्हणाली आणि धाकटीने तिला थांब म्हटलेलं ऐकू आलं.

"कोण ती?"

आता चिमणी म्हणून चालणार नव्हतं. थोरलीने श्वास घेतला आणि ते नाव घेतलं. नुसतं नाव, आडनाव नाही. त्या घरातल्या माणसाने त्या घरातल्या माणसासमोर पस्तीस वर्षांत ते पहिल्यांदा घेतलं होतं.

"परत म्हण," धाकटी म्हणाली.

थोरलीने परत म्हटलं.

मागे वहिनी उठून उभ्या राहिल्याचं तिला काचेत दिसलं. विमानाचा दरवाजा आता स्पष्ट दिसत होता आणि शिडीवरून माणसं चढत होती. पलीकडे धाकटीने घसा साफ केला. मग फार हळू, गाढ झोपलेल्या लेकराला उगाच मारावी तशी, तिने स्वतः त्या नावाने हाक मारली. कुणाला मारली ते तिने सांगितलं नाही. गेलेल्या मुलीला असेल, येणाऱ्या मुलीला असेल.

पण ते थोरलीचंही नाव होतं. तिने ओ दिली.